फितूर म्हणण्याआधी: खर्डा, कोपर्डी, सोनई आणि बघणारी माणसं

खर्डा म्हटलं की इतिहासाच्या पॉडकास्टवाल्याला १७९५ आठवतं. ११ मार्च, मराठे विरुद्ध निजाम. पेशव्यांच्या झेंड्याखाली सगळे सरदार एकत्र उभे राहिले अशी शेवटची मोठी लढाई. त्यावर एक भाग करायचाच आहे, पण आज नाही. आजचा भाग त्याच गावातल्या दुसऱ्या तारखेचा आहे: २८ एप्रिल २०१४. आणि हो, भाग जड आहे. रात्री झोपायच्या आधी ऐकत असाल तर राहू द्या, उद्या दिवसा ऐका.

जामखेड तालुक्यातलं खर्डा. नितीन आगे, १७ वर्षांचा दलित विद्यार्थी. गावातल्या एका मराठा मुलीशी तो बोलतो या संशयावरून त्याला मारहाण झाली, त्याची सुरुवात शाळेच्या आवारातच झाली, असं फिर्यादीचं म्हणणं. नंतर त्याचा मृतदेह झाडाला लटकलेला सापडला. खून आणि अ‍ॅट्रॉसिटी, दोन्हीखाली गुन्हा दाखल झाला. खटला नगरच्या सत्र न्यायालयात चालला. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, बोलताना माझ्या तोंडून नगरच येतं, सांभाळून घ्या.) नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल लागला, सगळे आरोपी निर्दोष सुटले. कारण पोलिसांना एक सांगितलेले बरेच साक्षीदार कोर्टात दुसरंच बोलले. त्यात शाळेशी संबंधित माणसंही होती.

दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत एकच शब्द होता: फितूर.

या शब्दापाशी जरा थांबू. मूळ अरबी, मराठीत बंड आणि दगा या अर्थाने रुळलेला. किल्ल्याचा दरवाजा रात्री शत्रूला उघडून देणारा, तो फितूर. हाच शब्द आपण कोर्टात गप्प बसलेल्या माणसाला लावतो. इंग्रजीतही अशा साक्षीदाराला शत्रूच म्हणतात, पण गंमत म्हणजे आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात तो शब्द कुठेच नव्हता. कायदा एवढंच म्हणायचा की ज्यानं साक्षीदार बोलावला, त्यालाही कोर्टाच्या परवानगीनं त्याची उलटतपासणी घेता येईल. शिवी आपण नंतर जोडली.

पैसे घेऊन उलटणारे असतात, ते मला नाकारायचं नाही. पण प्रत्येक वेळी तेवढंच कारण असतं, हे मला पटत नाही. बघा, गुन्हा २०१४ चा आणि निकाल २०१७ चा. ही तीन-साडेतीन वर्षं साक्षीदार कुठे असतो? त्याच गावात. त्याच किराणा दुकानात, त्याच पाणंदीवर. समोरून येणारा माणूस आरोपीचा भाऊ नाहीतर चुलता असतो. बघितलेलं विसरता येत नाही आणि बोलताही येत नाही. शाळेत नोकरी असेल तर पगार, बदली, संस्थेतली माणसं, हे सगळं त्याच गावाला बांधलेलं. कोर्ट नगरला, एसटीनं दोन-तीन तास. माझे एक काका साध्या चोरीच्या केसमध्ये पंच होते. एका कोर्टात सात तारखांना गेले, सहा वेळा 'पुढची तारीख' ऐकून परत आले. सातव्या वेळी त्यांना चोरीला काय गेलं होतं तेच नीट आठवेना. ही चोरीची गोष्ट. मारहाण पाहिलेल्या माणसाला त्या सात फेऱ्या किती जड जात असतील?

त्यात एक तांत्रिक भाग आहे. पोलीस साक्षीदाराचा जो जबाब लिहून घेतात, त्यावर साक्षीदाराची सही घेतच नाहीत. कायदाच तसा आहे, २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही तसाच आहे. ब्रिटिश काळापासूनचा अविश्वास: पोलीस दमदाटी करून सही घेतील ही भीती. त्यामुळे तो जबाब पुरावा म्हणून चालत नाही. पुरावा म्हणजे कोर्टात तोंडानं सांगितलेलं. मॅजिस्ट्रेटसमोर जबाब नोंदवायची सोय आहे, तिथे सही होते, पण तोही कोर्टातल्या साक्षीची जागा घेत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळी सिस्टीम एका माणसाच्या डोक्यातल्या लॉगवर उभी आहे, आणि त्याचा बॅकअप कोणी घेतलेला नाही.

आता त्याच महिन्यातला दुसरा निकाल. कर्जत तालुक्यातलं कोपर्डी. १३ जुलै २०१६ ला तिथे एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. नगरच्याच सत्र न्यायालयानं १८ नोव्हेंबर २०१७ ला तिघांना दोषी धरलं आणि २९ तारखेला फाशीची शिक्षा सुनावली. खर्ड्याचा निकाल या दोन तारखांच्या मध्ये लागला. कोपर्डीत सरकार पक्षानं ३१ साक्षीदार तपासले, उज्ज्वल निकम विशेष सरकारी वकील होते. आणि मागे मराठा समाजाचे लाखोंचे मूक मोर्चे होते. दोन्ही घरांचं दुःख मी तराजूत घालत नाही. पण कोपर्डीत साक्ष देणारा माणूस संध्याकाळी घरी परतल्यावर गाव त्याच्या पाठीशी होतं. खर्ड्यात साक्ष देणाऱ्याला गावाच्या विरोधात जाऊन घरी परतायचं होतं. माझ्या मते दोन निकालांतला बराचसा फरक इथे आहे. पुराव्याचे इतर मुद्दे असतीलच.

तिसरं गाव सोनई, तालुका नेवासा. १ जानेवारी २०१३ ला तीन दलित तरुणांची हत्या झाली. इथे वेगळं काय घडलं? साक्षीदारांवर दबाव येईल या भीतीनं खटला नगरमधून काढून नाशिकला नेला. जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. जिल्हा तोच, जातीचा प्रश्न तोच. कोर्ट बदललं, म्हणजे साक्षीदाराच्या आजूबाजूची हवा बदलली.

मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट पुढची आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात १५-अ हे कलम २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यात साक्षीदाराला संरक्षण, प्रवासखर्च, राहण्या-जेवण्याचा खर्च, गरज पडली तर दुसरीकडे पुनर्वसन, हे सगळं लिहिलंय. म्हणजे खर्ड्याच्या निकालाच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. महाराष्ट्रानं स्वतःचा साक्षीदार संरक्षण कायदा केला तो २०१७ चा. ५ डिसेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं महेंदर चावला खटल्यात देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना लागू केली. २०२२ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात कोर्टानं सांगितलं की घाबरलेल्या, असुरक्षित साक्षीदारांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात साक्षीची वेगळी खोली हवी, आरोपी समोर दिसू नये अशी. कागद भरपूर आहे.

२०१८ ची योजना कशी चालते ते माहीत असू द्या. प्रत्येक जिल्ह्यात समिती असते. जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष, जिल्ह्याचे पोलीस प्रमुख सदस्य, सरकारी वकिलांचे प्रमुख सदस्य सचिव. अर्ज साक्षीदार स्वतः देऊ शकतो, घरचे देऊ शकतात, वकील देऊ शकतो. मग पोलीस धोक्याचा अहवाल देतात, त्याला पाच कामाचे दिवस दिलेत. संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपर्यंत, पुढे वाढवता येतं. कोर्टापर्यंत सोबत, घराजवळ गस्त, बंद दाराआड साक्ष, फोन नंबर बदलून देणं, असे प्रकार त्यात आहेत.

पण समिती तुमच्या मित्राजवळ रात्री बसत नाही. त्यानं अपघात पाहिला, मारहाण पाहिली, तर पहिला फोन तुम्हाला येतो. आणि आपण पहिला प्रश्न काय विचारतो? 'काय झालं, सगळं सांग.' १९८० च्या दशकात तज्ज्ञांनाही हेच बरोबर वाटायचं. जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये अशी पद्धत मांडली: घटनेनंतर लगेच बसवून सगळं बोलून घ्यायचं. पुढे तपासणी झाली. २००२ मध्ये उपलब्ध चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा अशा एका बैठकीचा फायदा दिसला नाही. अपघातातल्या जखमींच्या एका चाचणीत तर तीन वर्षांनंतर बोलून घेतलेल्यांचीच अवस्था जास्त वाईट होती. २०११ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत म्हणून वेगळं सांगितलंय: आधी बघा, मग ऐका, मग योग्य ठिकाणी जोडून द्या. बोलायला भाग पाडू नका.

साध्या भाषेत, जेवला का ते विचारा. झोपायला तुमच्याकडे बोलवा. तो बोलला तर ऐका, मध्येच 'तू असं करायला हवं होतंस' म्हणू नका. त्याच्याकडे व्हिडिओ असेल तर ग्रुपवर मागू नका. तो पोलिसांना द्यायचा पुरावा आहे आणि त्याच्यासाठी तो पुन्हा तेच बघणं आहे. काही आठवड्यांनंतरही झोप नसेल, दचकणं थांबत नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, मोफत, मराठीतही बोलतात.

आणि समन्स आलं की तारीख त्याच्या एकट्याच्या मोबाईलमध्ये ठेवू नका, तुमच्याही कॅलेंडरला टाका. त्या दिवशी सुट्टी घ्या, सोबत एसटीत बसा. डबा न्या. पुढची तारीख मिळाली तर परत या, आणि पुढच्या तारखेला पुन्हा जा.