गाठीकडून आकड्याकडे

दहांतल्या आठ बायका चुकीच्या मापाची ब्रा घालतात, हे विधान गेल्या काही वर्षांत इतक्या ठिकाणी छापून आलं आहे की ते कुठून आलं हे कुणी विचारेनासं झालं आहे. त्याच्या मुळाशी जे थोडे अभ्यास सापडतात, त्यांतला एक २००८ साली ऑस्ट्रेलियात झाला. त्यात तीस तरुणी होत्या. त्यांतल्या ८० टक्के जणींचं माप चुकलेलं होतं, आणि चुकलेल्यांपैकी बहुतेकींची ब्रा लहान होती. तीस जणींवरून जगातल्या सगळ्या बायकांबद्दल बोलणं धाडसाचंच. पण विक्रेत्यांना हे धाडस परवडतं, कारण त्यापुढचं वाक्य ‘आमच्याकडे या’ असंच असतं. घटकाभर धरून चालू की प्रमाण खरोखर एवढं मोठं आहे. तरीही या विधानाचा रोख खटकतो. चूक बाईची, तिला आपलं माप ठाऊक नाही, असं ते न बोलता सुचवतं. ज्या प्रदेशात बायका निदान हजार-दीड हजार वर्षं शिवलेली चोळी घालत आल्या, तिथे त्यांना आपल्या अंगाचं माप अचानक कळेनासं का झालं असावं? याचं उत्तर बाईच्या अज्ञानात शोधण्यापेक्षा शिवणाच्या आणि दुकानदारीच्या इतिहासात शोधावं. कपडा अंगाला बेतून देणं ही पूर्वी सेवा होती. ब्रा आपल्याकडे पोचली ती ही सेवा वगळून, नुसता आकडा घेऊन.

‘चोळी’ हा शब्द जुना आहे. अमरकोशात ‘कूर्पासक’ आणि ‘चोल’ हे शब्द शेजारी शेजारी आहेत, आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत काही स्त्रियांच्या अंगावर शिवलेली, बाह्यांची वस्त्रं स्पष्ट दिसतात. म्हणजे प्राचीन भारतात शिवणकाम नव्हतं, सगळं काही नुसतं गुंडाळलेलं असे, ही समजूत या बाबतीत तरी टिकत नाही. पुढच्या काळात महाराष्ट्रात जी चोळी रूढ झाली तिचं कापडच वेगळं होतं. ते कापड म्हणजे खण. खण हे नाव कापडाच्या जातीचं आहे तसंच ते मोजमापाचंही आहे: एका चोळीला पुरेल एवढा, काठासकट विणलेला तुकडा. तो विणला जाई मुख्यतः गुळेदगुड्ड इथे, आजच्या कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात, जो तेव्हा मुंबई इलाख्याच्या विजापूर जिल्ह्यात मोडत असे. शेजारच्या इलकलचं लुगडं आणि गुळेदगुड्डचा खण अशी जोडी मराठी बाईच्या अंगावर शोभली, पण दोन्ही विणले कानडी मुलखात. खणाची घडी त्रिकोणी असते, आणि ओटीत तो नारळाबरोबर त्याच घडीत पडतो. आकार आपला तुम्हीच द्यायचा, हे त्या घडीतच गृहीत असतं. कापणारा किंवा कापणारी काठ बाह्यांच्या टोकाला येईल असं बेतून पुढचे भाग, पाठ आणि बाह्या काढत असे. मोजायला मुख्यतः वीत आणि बोटं.

या चोळीतली खरी कल्पकता गाठीत होती. पुढची दोन टोकं छातीखाली आणून बांधायची. बाळंतपण, अंगावर पाजणं, आजारपण, वाढतं वय, महिन्यातले चार-पाच दिवस या सगळ्यांत बाईची छाती बदलते, आणि गाठ रोज नव्यानं बांधली जाते. ज्या कपड्याला शेवटचं माप घालणारी स्वतःच देते त्याचं माप फारसं चुकत नाही. गाठ सैल झाली की ती दोन बोटांनी आवळायची. शिवाय पाजणाऱ्या बाईला पुढून उघडणारा कपडा सोयीचा. वरून पदर असे, म्हणून गाठ दिसत नसे. दिसली तरी तिची लाज नव्हती. शेतात राबणाऱ्या बाईच्या चित्रात गाठीची चोळी न दाखवणारा चित्रकार विरळा.

इथे कुणी म्हणेल, हा गोड आठवणींचा उद्योग झाला. आक्षेप रास्त आहे. गाठीची चोळी छाती बांधून धरी, पण उचलून धरत असे असं म्हणता येणार नाही. घट्ट बांधली की काखेत काचायची. आणि ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी नव्हतीच. केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेला लाल आलवण नेसावं लागे आणि चोळी वर्ज्य असे. म्हणजे आधार देणारा कपडा सौभाग्याचं लक्षण मानून काढून घेतला जात होता, आणि शरीराची गरज त्यात कुणी विचारातही घेत नव्हतं. दक्षिणेत त्रावणकोरात नाडार स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी अनेक वर्षं झगडावं लागलं. राजाचा जाहीरनामा निघाला १८५९ साली. तेव्हा जुन्या काळात बाईच्या अंगाचा आदर होता असा माझा दावा नाही. दावा मर्यादित आहे: जिला चोळी मिळाली, तिला ती अंगाला बसवून घेण्याचं साधनही सोबतच मिळालं.

मुंबईत एकोणिसाव्या शतकात चित्र बदलू लागलं. सत्येंद्रनाथ टागोरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६४ साली मुंबईत आल्या, पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची पद्धत पाहिली, आणि ब्लाऊज-पेटीकोटासह साडी नेसण्याची एक रीत बंगालात घेऊन गेल्या. महाराष्ट्रात हा बदल सावकाश झाला. नऊवारीला परकराची गरज नव्हती. पाचवारी गोल साडी आली तशी आत परकर हवा आणि वर पुढे-मागे नीट झाकणारं काहीतरी हवं. पोलकं, झंपर, मग ब्लाऊज अशी नावं बदलत गेली. नावाबरोबर बंद करण्याची पद्धतही बदलली. गाठ गेली, हूक आले. मराठीत हुकाला आकडा म्हणतात आणि संख्येलाही आकडाच म्हणतात. भाषेनं केलेला हा योगायोग इथे फार चपखल बसतो. गाठीला माप लागत नव्हतं. आकड्याला लागतं. हूक जिथे शिवला तिथेच बसणार, मग छाती किती इंच, कंबर किती, मुंढा किती, हे आधीच मोजायला हवं. शिवणयंत्र घरात आलं, मुलींच्या शाळांत शिवण शिकवू लागले, आणि १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवण हे बाईच्या स्वतंत्र कमाईचं साधन केलं. टक्स कुठे घ्यायचे, कटोरी कशी कापायची, हे ज्ञान पहिल्यांदाच वह्यांमधून आणि आकृत्यांमधून शिकवलं जाऊ लागलं. शिवणाच्या या वर्गांना आपल्या सामाजिक इतिहासात जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही, हे जाता जाता.

पण मापाची एक गंमत इथूनच सुरू झाली. शिंपी पुरुष असेल तर त्यानं टेप अंगाला लावावी हे अनेकींना पसंत नसे. त्यावर तोडगा निघाला तो ‘मापाचा ब्लाऊज’. जुना, बरा बसणारा ब्लाऊज पिशवीत घालून शिंप्याकडे द्यायचा आणि ‘याच मापाचा’ म्हणून सांगायचं. ही पद्धत अजून सर्रास चालते. तिचा अर्थ असा की माप अंगावरून कपड्याकडे जात नाही, कपड्यावरून कपड्याकडे जातं. अंग दरम्यान कितीही बदलो, नमुना तोच. फार तर ‘थोडं सैल ठेवा’. पुढे ब्रा विकत घेताना वीस वर्षं एकच नंबर सांगण्याची जी सवय दिसते, ती अज्ञानातून आलेली नाही. मापाच्या ब्लाऊजातून आलेली आहे.

ब्रा मात्र जिथे जन्मली तिथे एकटी नव्हती. न्यू यॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब हिला तिच्या बिनपाठीच्या आधाराचं पेटंट नोव्हेंबर १९१४ मध्ये मिळालं. पुढे ते तिनं वॉर्नर या कॉर्सेट कंपनीला दीड हजार डॉलरना विकलं. १९२२ पासून मेडनफॉर्मच्या आयडा रोझेन्थॉल आणि तिच्या सहकाऱ्यांनी छाती सपाट दाबण्याऐवजी उचलून धरणारी ब्रा विकायला सुरुवात केली. १९३२ साली एस. एच. कँप या कंपनीनं छातीच्या आकाराला ए ते डी अशी अक्षरं दिली, आणि त्या दशकात ती बाजारभर झाली. महत्त्वाचं हे की त्या काळी तिथल्या मोठ्या दुकानांत कॉर्सेट बसवून देणाऱ्या प्रशिक्षित बायका असत. पडद्याआड त्या माप घेत, घालून बघायला लावत, पट्टे सारखे करत. आकडा आणि अक्षर ही त्यांच्या हाताला मदत म्हणून आलेली खूण होती. पुढे त्या बायका कमी होत गेल्या आणि खूण तेवढी उरली, हे तिथेही घडलंच. आपल्याकडे मात्र सुरुवातच नुसत्या खुणेनं झाली.

‘बॉडी’ या नावानं ब्रा मराठी घरांत शिरली. थोरल्या पिढीतल्या अनेक बायका अजून हाच शब्द वापरतात. दुकानात काउंटरमागे बहुधा पुरुष, पुढे ओळखीचे शेजारी, घालून बघण्याची सोय नाही, आणि घेतलेली वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून मिळणार. अशा ठिकाणी बाई जास्तीत जास्त एक आकडा पुटपुटू शकते. तोही अर्धाच असे, कारण स्वस्त मालाच्या खोक्यावर ३२, ३४, ३६ एवढंच छापलेलं असतं, अक्षराचा पत्ता नसतो. अर्धा आकडा म्हणजे काय ते समजून घेण्यासारखं आहे. अंक सांगतो बरगड्यांभोवतीचा पट्टा. अक्षर सांगतं पट्टा आणि छातीचा सर्वांत भरलेला घेर यांतला फरक, साधारणपणे दर अक्षराला एक इंच. म्हणजे बी हा कप एकाच आकाराचा नसतो. ३४ बी आणि ३२ सी यांत मावणारी छाती जवळपास सारखीच, फक्त पट्टा वेगळा. अक्षर न सांगता नुसता अंक विकणारा दुकानदार प्रत्यक्षात सगळ्यांना एकाच अक्षराचा कप विकत असतो. छाती मोठी असलेली बाई मग कप हवा म्हणून अंक वाढवते, पट्टा सैल होतो, सगळा भार खांद्यावर येतो, आणि खांद्याला पडलेल्या खाचा ती वयाच्या नावावर घालते. त्यात भर म्हणून ‘बरगडीच्या मापात चार किंवा पाच इंच मिळवा’ हा जुना नियम कित्येक तक्त्यांवर टिकून आहे. लवचीक पट्ट्याला या मिळवणीची गरज उरलेली नाही, तरी तक्ता बदलत नाही. शिवाय आपल्याकडे तयार कपड्यांचं उत्पादन दीर्घकाळ लघुउद्योगांसाठी राखीव होतं. २००० च्या वस्त्रोद्योग धोरणानं ते उठवलं. छोट्या कारखान्यांना आपण दोष देऊ नये. वीसहून अधिक तुकडे जोडून बनणारी ही वस्तू त्यांनी परवडेल अशा दरात घरोघर पोचवली. पण एकाचा ३४ दुसऱ्याच्या ३४ शी जुळत नाही, ही त्या विखुरलेल्या उत्पादनाची किंमत होती.

आता दुसरा, जास्त वजनदार आक्षेप. आकड्यामुळेच तर हा कपडा स्वस्त झाला. लोकल पकडणाऱ्या बाईला शिंप्याकडे तीन खेपा घालायला वेळ नाही. तिला पाच मिनिटांत वस्तू हवी. शिवाय २०११ नंतर झिवामेसारख्या ऑनलाइन दुकानांनी काउंटरमागचा पुरुष हटवला, मग संकोच संपला आणि प्रश्नही सुटला. यातला पहिला भाग मला मान्य आहे. आकडा नको असं कुणी म्हणू नये. दुसरा भाग अर्धाच खरा. संकोच खरोखरच कमी झाला. २०१३ साली मुंबई महापालिकेत अंतर्वस्त्रं घातलेले पुतळे रस्त्यावरच्या दुकानांतून हटवण्याचा ठराव मंजूर झाला होता, हे आठवलं तर पडद्यावर निवांत निवड करता येणं किती मोठी गोष्ट आहे ते कळतं. (त्या चर्चेत दुकानात माप घ्यायला बाई आहे का, हा मुद्दा आला असता तर ठराव काही कामाचा झाला असता.) पण पडदा माप विचारतो, अंग पाहत नाही. ऑस्ट्रेलियातल्याच वोलोंगाँग विद्यापीठातल्या डर्ड्रे मॅकगी आणि ज्युली स्टील यांनी २०१० साली शंभराहून थोड्या जास्त बायकांवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की टेपनं माप घेऊन ब्रा निवडण्यापेक्षा ती घातल्यावर कुठे कशी बसते याच्या खुणा तपासणं अधिक भरवशाचं. दुसऱ्या शब्दांत, गाठीची चोळी बांधणाऱ्या बाईचंच तर्कशास्त्र: आधी अंगावर, मग निर्णय.

राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं २०१८ साली भारतीयांच्या अंगमापांचं सर्वेक्षण जाहीर केलं. मुंबईसह सहा शहरांतल्या, १५ ते ६५ वयाच्या २५ हजार लोकांचं त्रिमित मोजमाप घेण्याची ती योजना. परदेशी अंगांवर बेतलेले तक्ते बाजूला पडून आपली मापं येणं चांगलंच आहे. परंतु उद्या उत्तम तक्ता आला तरी तो सरासरीचाच असणार, आणि सरासरी कुणाच्याच अंगावर नेमकी बसत नाही. दुकानात एक पडदा, एक टेप आणि ती धरणारी जाणती बाई हे तिन्ही एकत्र असतील तर तक्त्याचा उपयोग. नसतील तर तो पुन्हा खोक्यावर छापलेला आकडाच. तोवर वाचकांनी एवढं करावं: ब्रा घालून आरशासमोर आडवं उभं राहून पाहावं. पट्टा पाठीवर सरळ आडवा आहे का, की वर चढतो? सर्वांत बाहेरच्या हुकावर त्याखाली दोन बोटं जेमतेम जातात का? मधला जोड छातीच्या हाडाला टेकतो का? दोन्ही हात वर केले तर कप जागेवर राहतो का? यांतलं काही चुकत असेल तर आकडा बदला, आणि घालून बघू देत नसतील तर दुसरं दुकान गाठा.