राखेचे देणे

चैत्र सरत आला की आमच्या मालवणकडच्या कुणग्यांतून धूर उठू लागे. तरव्याच्या जागेवर शेण, कवळ, पातेरा आणि गवत यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने आग लावायची. म्हणजे ती भडकत नाही, धुमसत राहते. हिला आम्ही भाजावळ म्हणतो. ठाण्याकडचा राब तो हाच.

या धुराला इतिहास आहे. १८७८ चा जंगल कायदा आला आणि राबासाठी झाडांच्या फांद्या तोडण्यावर निर्बंध पडू लागले. ठाणे जिल्ह्यात एवढी ओरड झाली की मुंबई सरकारला १८८५ साली चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. राब म्हणजे अडाण्यांची उधळपट्टी, असे पुष्कळ साहेबांचे मत. पुढे १९१२ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजातील डॉ. हॅरल्ड मान यांनी जोशी व कानिटकर यांच्यासह राबावर प्रबंध प्रसिद्ध केला, आणि ही रीत शास्त्राच्या विचाराला पात्र ठरली. भाजल्याने तणाचे बी मरते, मातीतली काही रोगबीजेही मरतात, आणि राख उरते ती वेगळीच.

साहेबांना हसण्याचा मला अधिकार नाही. पंधराएक वर्षांपूर्वी नव्या वाचनाच्या भरात मीच घरची भाजावळ बंद करवली आणि युरियाचा हात सैल सोडला. काका एवढेच म्हणाले, "भाजल्याशिवाय तरवो धरूचो नाय रे, झिला." का, ते त्यांना सांगता येईना, म्हणून मी ऐकले नाही. भात काळेभोर माजले. मग पावसाच्या झिमझिमीत पानांवर होडीच्या आकाराचे राखी डाग पडले. तो करपा. लोंब्यांच्या माना काळ्या पडून मोडल्या. त्या वर्षी घरच्या तांदळाने होळी गाठली नाही. काकांनी एका शब्दाने मला बोल लावला नाही, हेच अधिक लागले.

कारण पुढे वाचनात आले. करप्याने ग्रासलेल्या भातात सिलिका कमी असते, हे जपानात ओनोदेरा यांनी १९१७ सालीच दाखवले होते. भात मुळावाटे सिलिका शोषून पानाच्या सालीखाली साठवते. बुरशीला तो थर भेदणे जड जाते. नत्र अती झाले की पान मऊ पडते. आमच्या जांभ्या जमिनीतली सिलिका तर पाऊसच धुऊन नेतो. फ्लॉरिडात डॅटनॉफ यांनी सिलिकेचा हा गुण भातावर व पुढे हिरवळीच्या गवतावरही पडताळला.

पण जंगलखात्याची बाजू अगदीच खोटी नव्हती. कवळीपायी डोंगर बोडके होतात. त्यातून वाट काढली ती डॉ. ना. के. सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीने. तरव्याच्या वाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळावी, हा तिच्यातला एक भाग. राख काळीच हवी. फार तापून पांढरी झाली की तिच्यातली सिलिका सहज विरघळत नाही.

आमच्याकडे उकड्या तांदळासाठी भात उकडतात ते तुसावरच. काका आता नाहीत. त्या चुलीतली काळी राख दर वर्षी मीच टोपलीत भरून कुणग्यावर नेतो.