डॉल्फिन आणि देवमाशांच्या मेंदूची वाढ

डॉल्फिन, पॉर्पॉइज आणि देवमासे हे सीटेशिया गटातील सस्तन प्राणी आहेत. त्यांची पिले पाण्यात जन्मतात आणि जन्मताच पोहू लागतात. मेंदूची बरीचशी वाढ मात्र जन्मानंतर, आईच्या सोबतीने होते. पालघर जिल्ह्यातील वसई-विरारसह महाराष्ट्राच्या किनारी पाण्यात हंपबॅक डॉल्फिन आणि फिनलेस पॉर्पॉइज आढळतात. मोठे देवमासे मुख्यतः खोल समुद्रात असतात व अधूनमधून किनाऱ्याला लागतात.

जन्माच्या वेळी

या बाबतीत सर्वाधिक अभ्यास बॉटलनोज डॉल्फिनचा झाला आहे. सुमारे बारा महिन्यांच्या गर्भावस्थेनंतर मादीला एकच, साधारण एक मीटर लांबीचे पिलू होते. प्रौढाचा मेंदू सुमारे दीड किलो किंवा किंचित अधिक भरतो, तर नवजात पिलाचा त्याच्या ४० टक्क्यांच्या आसपास असतो. चिंपांझीमध्ये हे प्रमाण जवळपास तेवढेच, तर मानवी अर्भकात एकतृतीयांशाहून कमी असते. मानवी अर्भक मात्र उचलून घेता येते. डॉल्फिनच्या पिलाला पहिल्या श्वासासाठीच पृष्ठभाग गाठावा लागतो. त्यामुळे श्वसन, पोहणे व ऐकणे यांची यंत्रणा जन्मतः कार्यक्षम असावी लागते. कानाची हाडे तर जन्माच्या वेळीच जवळजवळ प्रौढ आकाराची असतात. याउलट गंधाचा मार्ग दातांच्या देवमाशांत (यांतच डॉल्फिनही येतात) गर्भावस्थेच्या सुरुवातीला दिसतो आणि पुढे लोप पावतो. प्रमस्तिष्काचे बाह्यक पातळ पण अतिशय वळ्यांचे असते; या वळ्या गर्भातच पडू लागतात.

जन्मानंतरची वाढ

सुरुवातीच्या काळात मेंदू वेगाने वाढतो, पुढे वेग मंदावतो. शरीर पूर्ण वाढण्याआधीच मेंदूची वाढ बव्हंशी आटोपलेली असते. या वाढीला लागणारी ऊर्जा आईच्या स्निग्ध दुधातून मिळते. बॉटलनोज पिले दीड-दोन वर्षे किंवा अधिक काळ दूध पितात व त्यानंतरही आईजवळ राहतात. प्रत्येक पिलू साधारण पहिल्या वर्षात स्वतःची ओळख सांगणारी विशिष्ट शीळ घडवते. प्रतिध्वनीवरून भक्ष्य हेरण्याचे कौशल्यही सरावानेच येते. ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे काही डॉल्फिन तोंडावर स्पंज धरून तळाशी भक्ष्य शोधतात; ही रीत पिले आईकडून शिकतात.

झोपेविषयी मतभेद आहेत. नवजात डॉल्फिन व किलर व्हेल आणि त्यांच्या माता पहिला महिनाभर जवळजवळ झोपत नाहीत, असा निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. पोहत असतानाही मेंदूचा एक अर्धगोल विश्रांती घेऊ शकतो, त्यामुळे केवळ हालचालींवरून झोपेचा अभाव सिद्ध होत नाही, असा आक्षेप त्यावर पुढच्याच वर्षी घेतला गेला.

प्रजातींमधील फरक

स्पर्म व्हेलचा मेंदू प्राणिसृष्टीत सर्वांत मोठा, सुमारे आठ किलोचा असतो. त्याची पिले आईबरोबर खोल बुडी मारू शकत नाहीत. कळपातील इतर माद्या पृष्ठभागाजवळ त्यांची राखण करतात. निळ्या देवमाशाचे बालपण मात्र तुलनेने आखूड असते. त्याचे पिलू दिवसाला सुमारे ९० किलो वजन कमावते आणि सहा-सात महिन्यांत दूध सोडते. तोपर्यंत आईपासून दुरावलेले पिलू वाचणे जवळपास अशक्य असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळे येथे निळ्या देवमाशाचे काही महिन्यांचे पिलू जिवंत किनाऱ्याला लागले. मोठ्या प्रयत्नांनी त्याला समुद्रात सोडण्यात आले, तरी ते जगले नाही.

मोजमापाच्या अडचणी

वाढीचा आलेख काढण्यासाठी मेंदूचे वजन आणि वय दोन्ही माहीत असावे लागतात. वय दातांतील वाढीच्या थरांवरून, तर दात नसलेल्या देवमाशांत कानातील मेणाच्या थरांवरून काढतात. अचूक जन्मतारखेची नोंद प्रामुख्याने परदेशांतील पाळीव डॉल्फिनचीच मिळते. अमेरिकी नौदलाच्या सागरी सस्तन प्राणी कार्यक्रमातील पशुवैद्य सॅम रिजवे (१९३६–२०२२) यांनी अनेक दशके अशी मोजमापे केली. भारतात २०१३ पासून डॉल्फिनेरियमला परवानगी दिली जात नाही. त्यामुळे येथे वाहून आलेल्या मृतदेहांवरच भिस्त राहते.

सप्टेंबर २०२१ मध्ये वसईच्या मर्देस किनाऱ्यावर एका मोठ्या देवमाशाचा मृतदेह लागला होता. असे मृतदेह बहुधा कुजलेल्या अवस्थेत येतात आणि किनाऱ्यावरच पुरले जातात. मेंदू हा मऊ अवयव असल्याने उष्ण हवेत लवकर नष्ट होतो. कवटी टिकते, पण तिच्या पोकळीत मेंदूभोवती रक्तवाहिन्यांचे दाट जाळेही असते. म्हणून केवळ पोकळीच्या आकारमानावरून काढलेले मेंदूचे वजन प्रत्यक्षापेक्षा जास्त येते.

किनाऱ्यालगतच्या प्रजातींना मुख्य धोका गिलनेटमध्ये अडकण्याचा आहे. दूध पिणाऱ्या पिलाची आई जाळ्यात दगावली, तर बहुधा पिलूही जगत नाही. या सर्व प्राण्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ अन्वये संरक्षण आहे.