हरळीच्या काश्यांनी हिरवळीचे नूतनीकरण

घरासभोवारची जुनी, विरळ झालेली अथवा तणांनी व्यापलेली हिरवळ मोडून तिच्या जागी हरळीच्या सजीव खोडांचे तुकडे लावण्याची व त्यांपासून नवी, सलग हिरवळ उभी करण्याची रीत. या तुकड्यांना शेतकरी काश्या म्हणतो. प्रत्येक काशीवर काही पेरे असतात आणि पेरावरील डोळ्यातून खाली मुळे व वर कोंब फुटून एकेक तुकडा स्वतंत्र झाड बनतो. बी पेरण्यापेक्षा ही रीत अधिक भरवशाची, तर तयार हिरवळीच्या फरश्या आणून बसविण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. मात्र जमीन झाकली जाण्यास तिला दोन ते तीन महिन्यांचा अवकाश द्यावा लागतो. ज्या काश्या शेतकरी उन्हाळ्यात शेतातून वेचून बांधावर जाळतो, त्याच येथे बियाणे म्हणून जपून आणल्या जातात. अर्थात, तणाचा जो चिवटपणा शेतात उपद्रव ठरतो तोच हद्दीत ठेवून कामास लावणे, हे या रीतीचे सार होय.

वनस्पती : हरळी अथवा दूर्वा हे ग्रॅमिनी कुलातील बहुवर्षायू गवत असून त्याचे शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन असे आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये त्याचा समावेश पॅनिकम या प्रजातीत केला होता. वनस्पतिशास्त्रज्ञ पेर्सून यांनी १८०५ मध्ये त्यास सांप्रतच्या प्रजातीत आणले. उष्ण व समशीतोष्ण प्रदेशांत ते जगभर पसरले आहे. पाते अरुंद व टोकदार असून पात्याच्या बुडाशी, जेथे ते खोडापासून सुटते, तेथे बारीक पांढऱ्या केसांची झालर असते. तुरा एकाच बिंदूपासून बोटांप्रमाणे फाकलेल्या बहुधा तीन ते सहा सडपातळ कणसांचा असतो. या दोन खुणांवरून हिरवळीतील इतर गवतांपासून हरळी सहज ओळखता येते. तिची खोडे दोन प्रकारची असतात. काही जमिनीवर सरपटत जातात आणि टेकलेल्या प्रत्येक पेरापाशी मुळे धरतात. काही मातीखाली, बहुतांशी वरच्या १५ सेंमी. थरात, आडवी वाढतात आणि पाने जळाली, करपली अथवा चरली गेली तरी अन्नसंचय राखून पुन्हा कोंब वर पाठवितात. यजुर्वेदातील मंत्रात दूर्वेला पेरापेरातून वाढणारी म्हणून आवाहन केलेले आढळते. गणेशपूजेत दूर्वा वाहणाऱ्या मराठी कुटुंबाला तिची ही वाढ परसात नित्य दिसत असते.

हे गवत प्रखर ऊन व उष्णता यांत जोमाने वाढते, सु. २७° ते ३५° से. तपमान त्यास विशेष मानवते, १५° से.च्या खाली वाढ मंदावते आणि दहिवर गोठू लागले की पाने तपकिरी होऊन ते सुप्तावस्थेत जाते. सावली मात्र त्यास मुळीच सोसत नाही. दिवसाकाठी सहा ते आठ तास थेट ऊन जेथे मिळत नाही, तेथे ते उंच, विरळ व फिके होत जाऊन अखेरीस नाहीसे होते.

संकरित वाण : या गवताच्या सुधारणेचे मोठे कार्य अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जॉर्जिया राज्यात, टिफ्टन येथील कोस्टल प्लेन एक्स्पेरिमेंट स्टेशन या संशोधन केंद्रात झाले. तेथे ग्लेन बर्टन (१९१०–२००५) हे १९३६ पासून कार्य करीत होते. चराऊ कुरणांसाठी ‘कोस्टल’ हा वाण १९४३ मध्ये प्रसृत झाला आणि त्यानंतर हिरवळींसाठी ‘टिफग्रीन’ (१९५६), ‘टिफवे’ (१९६०) व ‘टिफड्वार्फ’ (१९६५) हे वाण आले. सामान्य हरळीत बहुधा ३६ व आफ्रिकेतील सायनोडॉन ट्रान्सव्हालेन्सिस या बारीक पात्याच्या जातीत १८ गुणसूत्रे असतात. या दोहोंच्या संकरातून २७ गुणसूत्रांची जी संतती निपजते, तिच्यात गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नसल्यामुळे ती वंध्य असते आणि तीस बी धरत नाही. हिरवळीच्या दृष्टीने हे वैगुण्य नसून गुणच होय, कारण तुरे व बी यांवर खर्च न होणारी शक्ती पाने व काश्या यांच्या वाढीस लागते. परंतु अशा वाणाचा प्रसार बियांनी होऊ शकत नाही, तो काश्यांसारख्या सजीव भागांपासूनच करावा लागतो, आणि म्हणूनच अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काशीलागवडीचा स्वतंत्र धंदा उभा राहिला. बर्टन यांचे नाव महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतीशीही निगडित आहे. त्यांनी तयार केलेल्या ‘टिफ्ट २३ अ’ या नरवंध्य वाणाच्या आधारे भारतातील पहिली संकरित बाजरी, ‘एचबी-१’, ही १९६५ मध्ये प्रसृत झाली.

नूतनीकरणाचा निर्णय : हिरवळ विरळ झाली एवढ्यावरून ती समूळ मोडण्याची आवश्यकता नसते. निम्म्याहून अधिक क्षेत्रावर हवे ते गवत शिल्लक असेल, तर मोकळ्या जागा खणून तेथेच काश्या लावणे व बाकीच्या भागास खत-पाणी देणे पुरेसे होते. परंतु लव्हाळ्याने सर्वत्र ठाण मांडले असेल, मूळची जमीन दबून घट्ट झाली असेल अथवा पाणी जागोजाग साचत असेल, तर वरवरची डागडुजी व्यर्थ ठरते. हिरवळ कशाने बिघडली याची खातरजमा प्रथम करणे अगत्याचे आहे. आंब्याच्या वा वडाच्या सावलीमुळे जी हिरवळ गेली ती हरळीच्या नव्या काश्यांनी परत येत नाही; तेथे फांद्या विरळ करणे अथवा सावली सोसणारी अन्य वनस्पती योजणे, एवढाच इलाज उरतो.

जमिनीची तयारी : दख्खनच्या पठारावर हे काम चैत्र-वैशाखात हाती घेतात. जुनी हिरवळ सोलून काढल्यावर जमीन २५ ते ३० सेंमी. खोल खणून ढेकळे उन्हात तापू देतात. या तापण्याने लव्हाळ्याच्या वरच्या गाठी सुकतात, पण खोलवरच्या गाठी जिवंत राहत असल्याने एक-दोन वेळा पाणी देऊन त्यांना मुद्दाम उगवू द्यावे आणि उगवलेले तण गाठींसह खणून काढावे. केवळ वरून उपटलेला लव्हाळा चार दिवसांत पुन्हा डोके वर काढतो. ग्लायफोसेटसारखे तणनाशक योजावयाचे झाल्यास ते तण हिरवे व वाढते असतानाच उपयोगी पडते, कारण पानांतून शोषले जाऊन ते भूमिगत भागांपर्यंत पोहोचावे लागते. उन्हाने वाळलेल्या तणावर त्याची मात्रा चालत नाही. बी उगवू न देणारी तणनाशके मात्र लागवडीच्या सुमारास वापरू नयेत. त्यांनी काश्यांची कोवळी मुळेही खुंटतात.

तणांचा निकाल लागल्यावर चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळतात. काळ्या चिकण जमिनीत भरड वाळू अथवा पोयटा आणि मुरमाड जमिनीत पोयट्याची अधिक भर घालतात. नंतर इमारतीपासून बाहेरच्या बाजूस दर मीटरला एक-दोन सेंमी. उतार राहील अशा बेताने दाताळ्याने जमीन सारखी करून भरपूर पाणी देतात. पाणी मुरल्यावर जे खळगे दिसून येतात ते भरून, वाफसा येताच हलका रूळ फिरविला म्हणजे जमीन लागवडीस सिद्ध झाली असे समजावे. या टप्प्यावर घाई केल्यास उंचसखलपणा कायमचा राहतो आणि पुढे गवत कापताना उंचवट्यांवरचे गवत बुडापर्यंत खरवडले जाते.

काश्यांची निवड : काश्या निरोगी, तणमुक्त व ऊन खाल्लेल्या हिरवळीतून काढाव्यात. दाट हरळीचा एक चौरस मीटर तुकडा उपटून त्याच्या काश्या सुट्या केल्यास त्यांवर सामान्यतः दहा ते वीस चौरस मीटर क्षेत्राची लागवड होऊ शकते. काशी सात ते दहा सेंमी. लांबीची व निदान दोन, शक्य तर तीन-चार पेरांची असावी. जून, टणक काशी कोवळ्या लुसलुशीत काशीपेक्षा चांगली तग धरते, कारण तिच्यात संचित अन्न अधिक असते. काढलेल्या काश्या ओल्या गोणपाटात सावलीत ठेवाव्यात आणि एक-दोन दिवसांच्या आत लावाव्यात. त्यांचा मोठा ढीग करून ठेवला तर आतील भाग तापून पिवळा पडतो व अशा काश्या लावूनही फुटत नाहीत. उलटपक्षी, उन्हात पसरून ठेवल्यास त्या पाहता पाहता सुकतात. सार्वजनिक मैदानातून वा रस्त्याकडेच्या पट्ट्यातून काश्या आणण्याचा मोह टाळावा, कारण त्यांबरोबर लव्हाळ्याच्या गाठीही घरी येतात.

लागवडीच्या पद्धती : (१) टोकणी : ओल्या जमिनीत १० ते १५ सेंमी. अंतरावर बोटाने वा काठीने छिद्र पाडून त्यात एकदोन काश्या बसवितात. काशीचा तीन चतुर्थांश भाग मातीत व टोकाकडील एक चतुर्थांश वर राहील असे पाहून भोवतालची माती अंगठ्याने दाबतात. माती नीट दाबली गेली नाही तर आत पोकळी राहून काशी वाळते. लहान अंगणास हीच पद्धत उत्तम. (२) सरी : १५ ते ३० सेंमी. अंतरावर अडीच ते पाच सेंमी. खोल उथळ रेषा ओढून त्यांत काश्या ओळीने मांडतात व माती लोटतात. (३) विखुरणी : काश्या सर्वत्र फेकून त्यांवर बारीक मातीचा पातळ थर देतात व रूळ फिरवितात, मजुरी कमी लागते, पण काश्या अधिक लागतात आणि पाण्याची निगा कडक ठेवावी लागते. (४) लेप : हरळीचे बारीक तुकडे, माती व ताजे शेण पाण्यात कालवून झालेला राडा तयार जमिनीवर सु. अडीच सेंमी. जाडीने पसरतात आणि वाळल्या गवताने झाकतात. भारतीय बागांत रूढ असलेली ही पद्धत शेण व मनुष्यबळ मुबलक असेल तेथे सोयीची पडते.

लागवडीस पठारावर मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यापासून आषाढाअखेरपर्यंतचा काळ सर्वांत योग्य. विहिरीचे वा नळाचे पाणी निश्चित असेल तर फाल्गुनातही लागवड करता येते. कोकणात मुसळधार सरींनी काश्या वाहून जाण्याचे भय असल्याने उतारावर सरी आडव्या काढतात. जॉर्जियासारख्या प्रदेशात मातीचे तपमान सु. १८° से.वर गेल्यानंतर, म्हणजे वसंताच्या अखेरीपासून ग्रीष्माच्या मध्यापर्यंत, हे काम उरकतात. याहून उशीर झाल्यास पहिल्या हिमापूर्वी गवत जमीन धरू शकत नाही.

संगोपन : पहिले दोन-तीन आठवडे जमिनीचा वरचा थर सदैव ओलसर राहिला पाहिजे. पाऊस नसेल तर झारीने वा बारीक फवाऱ्याने दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे पाणी द्यावे; नळीचा जाड झोत लावल्यास काश्या उघड्या पडतात. लागवडीनंतर काही दिवसांतच वरची पाने गवताच्या काडीसारखी पिवळट होतात आणि सारे श्रम वाया गेल्याचा समज होतो. अशा वेळी एखादी काशी हलकेच उकरून पेर पाहावे. पेरापाशी तांदळाच्या कणीएवढे पांढरे मूळ दिसत असेल तर काळजीचे कारण नाही. साधारणतः एक ते दोन आठवड्यांत कोंब दिसू लागतात. हाताने ओढले असता काशी निघत नाही अशी स्थिती आली म्हणजे पाण्याच्या पाळ्या कमी करून प्रत्येक पाळीचे प्रमाण वाढवावे, जेणेकरून मुळे खोल जातील. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून वाढीच्या हंगामात दर महिन्यास दर चौरस मीटरला सु. ५ ग्रॅम नत्र द्यावे. इतके नत्र सु. २४ ग्रॅम अमोनियम सल्फेटमधून अथवा ११ ग्रॅम युरियातून मिळते. खत कोरड्या पानांवर फेकून लगेच पाणी द्यावे, नाहीतर पाने करपतात.

गवत चार-पाच सेंमी. उंच झाल्यावर पहिली कापणी करावी. ती मुद्दाम लांबणीवर टाकणे चूक होय, कारण शेंडा खुडल्याने आडव्या काश्यांना फुटवे येतात आणि मोकळ्या जागा त्वरेने भरतात. एका वेळी एकतृतीयांशाहून अधिक उंची कापू नये. घरगुती हिरवळ अडीच ते पाच सेंमी. उंचीवर राखणे सोयीचे. संकरित वाण याहूनही आखूड ठेवता येतात, पण त्यांची कापणी वारंवार करावी लागते. इंग्लंडमधील एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये एकस्व घेतलेल्या फिरत्या दंडगोल पात्यांच्या यंत्राचेच सुधारलेले रूप या आखूड कापणीस अद्यापि सर्वांत योग्य समजले जाते.

हिरवळ जुनी होत गेली की मेलेल्या काड्या व काश्या यांचा स्पंजासारखा थर साचतो आणि पाणी मातीपर्यंत पोहोचत नाही. यासाठी वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडाशी, गवत बुडापर्यंत कापून, खुरप्याने व दाताळ्याने थर काढून, खत व वाळूमिश्रित मातीचा हात देतात. पाणी दिलेल्या क्षेत्रातील गवत अकारण पिवळे पडून हाताला गालिच्यासारखे उचलून येऊ लागले, तर मुळाशी हुमणीच्या अळ्या असल्याचा संशय घ्यावा. पाने एका रात्रीत कुरतडली गेल्यास लष्करी अळीचा शोध करावा.

हद्दीचा बंदोबस्त : हरळी एकदा स्थिरावली की तिला हिरवळ व फुलांचा वाफा यांतील भेद कळत नाही. गुलाबाच्या बुंध्यात, फरशीच्या सांध्यात, शेजाऱ्याच्या भाजीच्या वाफ्यात ती बिनबोभाट शिरते आणि तेथे तिच्या काश्या वेचण्याचे काम वर्षानुवर्षे पुरते. यास्तव हिरवळीच्या कडेने किमान १५ ते २० सेंमी. खोल विटांची, दगडाची अथवा पत्र्याची आडभिंत बसवितात, तिचा काठ जमिनीच्या किंचित वर राखतात आणि काठावरून पलीकडे लोंबणाऱ्या काश्या दर पंधरवड्यास छाटतात. आडभिंतीसाठी खणावयाची खोल चारी गवत रुजल्यानंतर काढल्यास कुदळीने तुटलेल्या काश्यांचे तुकडे चहूकडे उडून प्रत्येक तुकड्यातून नवे झाड उगवते. म्हणून हद्द आधी बांधून घ्यावी आणि काशीला हात मागाहून लावावा.