रोमा वादक : आख्यायिका आणि इतिहास

युरोपातील रोमा समाजाच्या मूळस्थानाचा विषय निघाला की फिर्दौसीच्या ‘शाहनामा’तील कथा हमखास सांगितली जाते. इराणचा बादशहा बहराम गोर याने हिंदुस्थानातून १०,००० लुरी वादक मागविले व त्यांना शेतीसाठी बैल आणि गहू दिले. त्यांनी ते खाऊन संपविले, म्हणून त्यांच्या नशिबी भटकंती आली. बहराम पाचव्या शतकातला. ‘शाहनामा’ पूर्ण झाला तो १०१० च्या सुमारास. दहाव्या शतकातील हमजा इस्फहानी वादकांची संख्या १२,००० सांगतो. अशा कथेवर इतिहास उभा राहत नाही.

भरवशाचा पुरावा भाषेचा आहे. १७८२ मध्ये जर्मन विद्वान र्‍यूडिगर यांनी रोमानी व हिंदुस्तानी यांची तुलना करून त्यांचे नाते दाखविले. रोमानीत पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’ म्हणतात. ‘खेल’ हा धातू खेळणे व नाचणे या दोन्ही अर्थांनी येतो. रस्त्याला मात्र ‘द्रोम’ हा ग्रीक शब्द आहे. प्रवासाची वाट अशी शब्दांत उरली आहे.

कथा भटकंतीचा दोष वादकांच्याच उधळेपणावर टाकते. इतिहास वेगळे सांगतो. वालाकिया व मोल्दाविया या संस्थानांत रोमा १८५५-५६ पर्यंत गुलाम होते. ‘लाउतारी’ म्हणविले जाणारे अनेक वादक सरदारांच्या मालकीचे असत. ज्याला उपजत देणगी म्हटले जाते, ते पिढ्यान्‌पिढ्या गुलामीतही जोपासलेले कसब होते.