मंदी, मालगुजारी आणि तडजोड : जबलपूर, १९२९–१९३९

१९२९ च्या जागतिक मंदीचा भारतातील इतिहास बहुधा कापूस, ताग आणि सोने यांच्या अंगाने लिहिला जातो. गहू पिकवणाऱ्या जबलपूरला त्यात क्वचितच जागा मिळते. मध्यप्रांताच्या हिंदीभाषक उत्तरेत जबलपूर, दक्षिणेत मराठीभाषक नागपूर आणि त्याला १९०३ पासून जोडलेला कापसाचा वऱ्हाड, अशी या प्रांताची घडण होती. मंदीने गहू आणि कापूस या दोहोंचे भाव खाली आणले. सारा, खंड आणि व्याज मात्र रुपयांतच ठरलेले राहिले. भाव निम्मा झाला की तेच कर्ज धान्याच्या मापाने दुप्पट होते.

यावरचा खरा उपाय चलनाचा होता आणि तो नागपूरच्या सचिवालयाच्या हाती नव्हता. १९२७ मध्ये रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स ठरला. सप्टेंबर १९३१ मध्ये पौंड सुवर्णमानापासून सुटला, तरी रुपया त्याच दराने पौंडाला बांधलेला राहिला. ऑस्ट्रेलियन गव्हाला अटकाव करणारी हंड्रेडवेटमागे २ रुपयांची जकात त्याच वर्षी बसली, तीही दिल्लीच्या निर्णयाने. प्रांतिक सरकारला हात घालता येण्याजोगे उरले ते कर्ज.

१९३३ चा मध्यप्रांताचा कर्ज तडजोड कायदा हा अशा स्वरूपाचा देशातला पहिला. धनको आणि ऋणको यांना मंडळापुढे बसवून रक्कम व हप्ते ठरवावेत, आणि वाजवी प्रस्ताव नाकारणाऱ्या सावकाराला न्यायालयात व्याजाची मर्यादा पडावी, ही त्यातली योजना. सक्ती नव्हती, धाक होता. ‘तडजोड’ या शब्दात दोन्ही पक्षांनी काही सोडण्याची कल्पना आहे; पण ऋणकोजवळ सोडण्यासारखे काय उरले होते? शिवाय वऱ्हाडातील रयतवारी शेतकऱ्यासमोर केवळ सावकार असे, तर जबलपूरकडे खंड घेणारा मालगुजार आणि कर्ज देणारा महाजन ही अनेकदा एकच व्यक्ती असे. तेथे तडजोड म्हणजे जमीनदाराची मर्जी राखणे. थकलेली बाकी कमी करून घेणाऱ्याला पुढच्या बियाण्यासाठी कोण उभे करणार, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला.

मार्च १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण सुभाषचंद्र बोस यांच्या १५८० विरुद्ध १३७७ मतांच्या विजयाभोवती आणि त्यानंतरच्या संघर्षाभोवती फिरते, हे स्वाभाविकच आहे. मात्र या अधिवेशनाचे यजमान सेठ गोविंददास, पुढे हिंदी नाटककार म्हणून ख्यातनाम, जबलपूरच्या सर्वांत मोठ्या महाजन-मालगुजार घराण्यांपैकी एकातले होते. आणि त्याच वर्षी रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी कर्जनिवारणाचा नवा कायदा झाला. ऐच्छिक मंडळांच्या जागी कर्ज कमी करण्याचे अधिकार असलेली न्यायालये आली. नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. पुढे युद्धामुळे धान्याचे भाव चढले आणि ज्यांच्याकडे विकण्याजोगे धान्य होते, त्यांच्या जुन्या कर्जाचा भार त्या भावानेच हलका केला.