फ्रेजल व्हर्ब

फ्रेजल व्हर्ब : इंग्रजी क्रियापद आणि त्यामागून येणारा ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘फॉर’ यांसारखा छोटा अविकारी शब्द मिळून होणारे जोडक्रियापद. लिहिताना शब्द सुटे असतात, अर्थ मात्र एकच निघतो. ‘लुक’ म्हणजे पाहणे. पण ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे, ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, ‘लुक इंटू’ म्हणजे चौकशी करणे आणि ‘लुक डाउन ऑन’ म्हणजे तुच्छ लेखणे. घरात, बाजारात, कचेरीत बोलले जाणारे इंग्रजी या जोड्यांवाचून चालत नाही.

इतिहास : प्राचीन इंग्रजीत असे अर्थ मुख्यतः क्रियापदाच्या आधी लागणाऱ्या उपसर्गांनी व्यक्त होत. ‘अंडरस्टँड’, ‘विथस्टँड’, ‘ओव्हरकम’ हे त्या पद्धतीचे आजवर टिकलेले अवशेष. पुढे उपसर्ग मागे पडले आणि अव्यय क्रियापदानंतर येऊ लागले. या बदलामागे स्कँडिनेव्हियन भाषेचा प्रभावही होता, असे अनेक अभ्यासक मानतात. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत परक्या माणसाला या जोड्या सर्वांत अवघड जातात असे नमूद केले आणि त्या काळजीपूर्वक नोंदवल्या. ‘फ्रेजल व्हर्ब’ ही संज्ञा लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या 1925 च्या पुस्तकामुळे रूढ झाली. ती सुचवण्याचे श्रेय त्यांनी कोशकार हेन्री ब्रॅडली यांना दिले आहे. ड्वाइट बोलिंजर यांनी 1971 मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

प्रकार : रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या 1985 च्या बृहद् व्याकरणात तीन प्रकार वेगळे केले आहेत. पहिल्यात दुसरा शब्द क्रियाविशेषणासारखा वागतो, उदा. ‘टर्न ऑफ’. दुसऱ्यात तो पुढच्या नामाशी बांधलेला असतो, उदा. ‘लुक आफ्टर’. तिसऱ्यात दोन्ही येतात, उदा. ‘पुट अप विथ’ (सहन करणे). काटेकोर व्याकरणात पहिल्यालाच फ्रेजल व्हर्ब म्हणतात. वर्गात आणि शिकवणीच्या पुस्तकांत मात्र तिन्हींना हेच नाव आहे.

पहिले दोन प्रकार ओळखायला सर्वनाम उपयोगी पडते. ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ दोन्ही चालतात. पण ‘फॅन’च्या जागी ‘इट’ आले की ‘टर्न इट ऑफ’ एवढेच बरोबर. उलट ‘लुक आफ्टर हिम’ची फोड करून ‘हिम’ मध्ये घालता येत नाही. उच्चारातही फरक आहे : ‘टर्न इट ऑफ’मध्ये ‘ऑफ’वर आघात येतो, ‘लुक अ‍ॅट इट’मध्ये ‘अ‍ॅट’ हलकेच उच्चारला जातो.

अर्थाची घडण : या जोड्या मनमानी वाटतात, पण पुष्कळदा अव्ययाचा मूळ दिशावाचक अर्थच पुढे सरकलेला असतो. ‘अप’ म्हणजे वर. भांडे काठोकाठ भरले की काम पुरे होते, तसा ‘अप’ पूर्णता दाखवतो : ‘ईट अप’ (खाऊन टाकणे), ‘यूज अप’ (वापरून संपवणे). ‘ऑन’ क्रिया चालू ठेवतो : ‘कॅरी ऑन’, ‘गो ऑन’. ‘डाउन’ घट दाखवतो : ‘स्लो डाउन’, ‘कट डाउन’. तरीही ‘गिव्ह अप’ (सोडून देणे) किंवा ‘पुट ऑफ’ (पुढे ढकलणे) यांचा अर्थ केवळ फोड करून हाती लागत नाही. तो वापरातूनच शिकावा लागतो.

चार्ल्स के. ऑग्डेन यांनी 1930 मध्ये मांडलेल्या ‘बेसिक इंग्लिश’ या सोप्या केलेल्या इंग्रजीत 850 शब्द होते आणि क्रियापदे अवघी 18. ‘गिव्ह’, ‘पुट’, ‘टेक’ यांना दिशादर्शक शब्द जोडून बाकीचे भागवायचे, ही त्यांची योजना. शब्दसंख्या घटली, पण प्रत्येक जोडीचा अर्थ शिकण्याचे ओझे शिकणाऱ्यावर राहिलेच.

मराठी वाचकाच्या दृष्टीने : ही रचना आपल्याला वाटते तितकी परकी नाही. ‘हृ’ या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे शब्द होतात, ते उपसर्ग बदलल्यामुळेच. वैदिक संस्कृतात उपसर्ग क्रियापदापासून सुटाही येई. उपसर्गाला स्वतःचा अर्थ असतो की तो क्रियापदाचा अर्थ फक्त उजळतो, याविषयी गार्ग्य आणि शाकटायन या प्राचीन वैयाकरणांचा मतभेद यास्कांच्या ‘निरुक्ता’त नोंदलेला आहे. इंग्रजी अव्ययांविषयीही नेमका हाच प्रश्न उभा राहतो. मराठीत ‘अप’चे पुष्कळसे काम ‘टाकणे’, ‘जाणे’ ही सहायक क्रियापदे करतात : ‘पिऊन टाक’ म्हणजे ‘ड्रिंक अप’.

मराठी भाषकाच्या चुका बहुधा आपल्या प्रत्ययांचे आणि शब्दयोगी अव्ययांचे शब्दशः भाषांतर केल्यामुळे होतात. ‘विषयाबद्दल चर्चा करू’ म्हणून ‘डिस्कस अबाउट’. ‘तिच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरी विथ हर’. ‘गाणी ऐकतो’ यात अव्यय नाही म्हणून ‘लिसन टू’मधला ‘टू’ गळतो. पंखा ‘बंद’ करायचा असतो, म्हणून ‘क्लोज द फॅन’ तोंडी येते. ‘कोप अप विथ’ भारतात सर्वत्र ऐकू येते; प्रमाण रूप ‘कोप विथ’ एवढेच आहे. अर्जाच्या शेवटी ‘लुक फॉरवर्ड टू मीट यू’ लिहिले जाते; तिथला ‘टू’ शब्दयोगी असल्याने पुढे ‘मीटिंग’ हवे. म्हणून शब्दाला शब्द लावून पाठांतर करण्यापेक्षा जोडी तिच्या कर्मासह, आख्ख्या वाक्यात ऐकणे आणि वापरणे अधिक लाभाचे.

मराठीत आलेली नामे : या क्रियापदांवरून इंग्रजीत नामे होतात आणि त्यांच्यात आघात पहिल्या शब्दावर सरकतो. त्यांतली कितीतरी मराठीत रुळली आहेत : चेकअप, बॅकअप, ब्रेकअप, टेकऑफ, लेआउट, क्रिकेटमधला फॉलोऑन आणि रनआउट. मराठीने ती क्रियापदे म्हणून घेतली नाहीत. नाम म्हणून घेऊन त्यांना आपली ‘करणे’, ‘घेणे’, ‘होणे’ जोडली. चढावर गाडी ‘पिकअप घेत नाही’ म्हणणाऱ्या चालकाला त्यातला ‘अप’ वेगळा ऐकू येत नाही. इंग्रजी मातृभाषा असणाऱ्याला ‘गिव्ह अप’ही असेच एकजीव ऐकू येते.